लांबच्या वाटेची भाकर

(वरसावे येथील प्रार्थनासभेत दिलेला संदेश)



पाड्यांवर सेवा करणाऱ्यांना एक अनुभव नेहमी येतो. पावसाळाभर मुलांना अक्षरे शिकवावीत, त्यांची गोडी लागावी, आणि भातकापणी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघून जावीत. मागे बंद झोपड्या उरतात. मग मन म्हणते, “माझे कष्ट वाया गेले. माझी कोणाला पर्वा आहे?”

वाईट वाटणे हे पाप नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. पण दुःख वेगळे आणि स्वतःची कीव वेगळी. दुःखात माणूस देवाकडे हात पसरतो. स्वतःची कीव करू लागला की त्याला देव दिसत नाही आणि शेजारीही दिसत नाही.

१ राजे अध्याय १९ मध्ये एलीया असाच रतामाच्या झाडाखाली बसला आहे. कर्मेल डोंगरावर देवाचे सामर्थ्य पाहिलेला हा संदेष्टा ईजबेलेच्या धमकीने खचला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला रागावले नाही. दूताकरवी भाकर आणि पाणी दिले, निजू दिले, आणि वाट लांब आहे म्हणून पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेबावर पोहोचल्यावरही, आपण एकटेच उरलो, हीच एलीयाची तक्रार होती. तेव्हा देवाने त्याला पुढचे काम सोपवले, अलीशासारखा सोबती दाखवला आणि सांगितले की बआलापुढे गुडघे न टेकलेले ७,००० जण इस्राएलात आहेत. एलीयाच्या हिशेबात ते धरलेलेच नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे जीवन पाहा. दुष्काळाच्या उपासमारीत आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. तेव्हा रमाबाईंना २४ वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि मनोरमा वर्षाचीही नव्हती. स्वतःची कीव करायला याहून मोठे कारण कोणाकडे असेल? पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी स्त्रियांना व मुलींना घेऊन आल्या. उपासमार त्यांनी भोगलेली होती, म्हणून त्या मुलींची भूक त्यांना कळली. केडगावच्या मुक्ती मिशनने अशा कितीतरी जणींना आसरा दिला. १९२१ मध्ये मनोरमाही देवाघरी गेली. तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम रमाबाईंनी १९२२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. त्यांचे दुःख संपले नव्हते. त्या दुःखातही देव त्यांना रोजच्या कामापुरते बळ देत होता.

पौलाचेही तेच. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला, पण कृपा पुरेशी मिळाली (२ करिंथ १२).

मात्र एक सावधगिरी बाळगू या. हा संदेश उपाशी माणसाला उपदेश म्हणून ऐकवू नका. दूताने आधी भाकर दिली, हे विसरू नका. आणि आदिवासी बांधवांचीही कीव करू नका. भट्टीवर दिवसभर विटा थापून रात्री लेकरांना जेवू घालणारी माउली आपल्या आदराला पात्र आहे.

मन खचले तर आधी जेवा, झोप घ्या. मग देवापाशी जे आहे ते उघड बोला; त्याच्यापुढे धीटपणाचे सोंग नको. आणि त्या दिवशी निदान एका माणसाची विचारपूस करा. पाडा रिकामा दिसला तर मुले कोणत्या भट्टीवर गेली हे विचारा आणि पाटी-पेन्सिल घेऊन तिथे जा. शहरातल्या बंधुभगिनींनो, आपण प्रार्थना करता, दान देता, त्याबद्दल आभार. पण एखाद्या सेवकाला फोन करून “तुम्ही जेवलात का? कसे आहात?” एवढेही विचारा. कदाचित आज तोच त्या झाडाखाली बसला असेल.

प्रभू आपणांस पुढच्या वाटेपुरते बळ देवो. आमेन.