म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाचे बोलून झाले, विम्याचे बोलून झाले. आमच्याकडे दिलेला विषय वेगळा आहे. दिला म्हणण्यापेक्षा आम्हीच तो मागून घेतला. घरातले म्हातारे माणूस विसरायला लागले, तर ते वयाने विसरते की त्याला आजार झाला आहे, हे डॉक्टर कसे ठरवतात? आम्ही डॉक्टर नाही. पण चार वर्षे हा प्रश्न आमच्या घरात आहे आणि पहिली दोन वर्षे आम्ही तिघा भावांनी त्यात जी माती खाल्ली, ती तुम्ही खाऊ नये म्हणून उभे आहोत.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो. शाळा दुसरीपर्यंत. पण वेचणीच्या बायांचे किलोवारी पैसे, गाडीचे वजन, आडत्याने कापलेला कडता, सगळे तोंडी. आधी बिघडले ते हेच. एका वेचणीला त्यांनी एकाच बाईला दोनदा पैसे दिले, दुसरीला दिलेच नाहीत आणि ‘दिले’ म्हणून तिच्याशी भांडले. पुढे एकदा सकाळी फवारलेल्या कापसावर दुपारी पुन्हा पंप पाठीला बांधून निघाले. आम्ही हसलो. साठी बुद्धी नाठी म्हणालो.

मग ते पैसे ठेवायचे, जागा विसरायचे आणि सुनेने चोरले म्हणायचे. जेवून हात धुतला की अर्ध्या तासाने पारावर जाऊन सांगायचे, सून जेवायला घालत नाही. गावाने ते खरे मानले. खोटे कशाला बोलायचे, आम्हीही अर्धे खरे मानले. धाकट्याची बायको दोन महिने माहेरी जाऊन बसली, ती या पायी.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरकडे गेलो तिथे पाच मिनिटांत काम उरकले. तारीख विचारली. दादा म्हणाले, ‘पोळ्याचा तिसरा दिवस.’ ते बरोबरच होते, पण कागदावर चूक म्हणून फुली पडली. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा म्हणाले. ज्या माणसाने पन्नास वर्षांत सहीपुरते पेन धरले, त्याला चित्र काढायला सांगितले! झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीने दादा रात्री उठून धडपडले आणि सकाळी आणखी भ्रमल्यासारखे बोलू लागले.

दुसऱ्या खेपेला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे जे पाहिले ते नीट सांगतो, कारण चांगली तपासणी कशी असते हे माहीत असेल तरच वाईट तपासणी ओळखता येते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला अर्धा तास दादांना हातही लावला नाही. आधी आमच्याशी बोलल्या, मग दादांशी एकट्याशी बोलल्या, आणि मग विचारले, ‘यांना रोज जेवायला कोण वाढते?’ सून, म्हटले. ‘ती कुठे आहे?’ आम्ही तिला नेलेच नव्हते. तिला फोन लावून त्यांनी जे विचारले, त्याने आमचे डोळे उघडले. विसरणे अचानक सुरू झाले की हळूहळू? आधी काय गेले, हिशेब, रस्ता की माणसांची नावे? आता जे जमत नाही ते पाच वर्षांपूर्वी जमत होते का? धोतर नेसता येते का? चूल पेटती ठेवून जातात का? गावातल्या गावात रस्ता चुकतात का? जेवल्याचे विसरतात का?

शेवटच्या प्रश्नावर फोनवर ती रडली. जेवल्याचे विसरणे हे या आजाराचे लक्षण आहे, त्यासाठी डॉक्टरांच्या यादीत वेगळा प्रश्न आहे, हे तिला आणि आम्हाला त्या दिवशी कळले. चोरीचा आळ घेणेही तसेच. वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही, मग मन कारण शोधते आणि जो सगळ्यात जवळ वावरतो त्याच्यावर ते ढकलते.

यातली मुख्य गोष्ट अशी, की माणूस त्याच्या स्वतःशीच ताडून पाहायचा असतो. मास्तराला काय येते याच्याशी दादांची तुलना करून उपयोग नाही. दादांना काल काय येत होते आणि आज काय येत नाही, आणि त्यामुळे रोजचा व्यवहार अडतो का, यावर निदान उभे राहते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे, चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. आणि ही माहिती कुठल्याही यंत्रात नसते. ती घरातल्या माणसाकडे असते, बहुधा बाईकडे.

आता ‘स्मृतिभ्रंश’ म्हणजे डिमेन्शिया, या शब्दाबद्दल. कापसावर लाल्या येतो. लाल्या हे काही एका रोगाचे नाव नाही. मॅग्नेशियम कमी पडले, नत्र कमी पडले, तुडतुडे बसले, रात्रीची थंडी वाढली, पाणी साचले, पान लालच होते. कारण न पाहता फवारा मारणारा पैसे घालवतो. स्मृतिभ्रंशाचे तसेच आहे. बुद्धी आणि आठवण उतरणीला लागणे हे लक्षण, त्यामागची कारणे अनेक, आणि त्यातली काही सुधारण्यासारखी.

म्हणून डॉक्टर आधी ती सुधारणारी कारणे धुंडाळतात. चार दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्ट झाला तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले मीठ कमी होणे, नवे औषध अंगावर येणे यांनी तसे होते. अशा वेळी वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन-तीन महिन्यांत घसरण झाली आणि आधी बैलगाडीवरून, मोटारसायकलवरून पडल्याचे आठवत असेल, तर कवटीच्या आत रक्त साकळलेले असू शकते. मार किरकोळ वाटला असला तरीही. ते शस्त्रक्रियेने काढता येते. थायरॉईड मंदावले तर बुद्धी मंदावते. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले तरी तेच होते. ते दूध, अंडी, मांस यांत असते. भाकरी, वरण आणि ठेचा खाणाऱ्याला, त्यातून माळकऱ्याला, ते कमी पडण्याची शक्यता जास्त. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते उतरते. दारूचे तर बोलायलाच नको.

आणि उदासी. पीक गेले, पोरगा गेला, कर्जाचा घोर लागला, की म्हातारा माणूस गप्प होतो, विचारले तर ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो. तेही विसरल्यासारखेच दिसते. फरक असा सांगतात, की उदास माणूस ‘आठवत नाही’ म्हणून सोडून देतो आणि स्मृतिभ्रंशाचा माणूस बहुतेक वेळा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेतो. पक्की खूण नव्हे, पण डॉक्टर ते टिपतात. उदासीला औषध आहे, आणि तिला वय समजून सोडले तर माणूस जिवाला मुकतो. आपल्या भागात हे वेगळे सांगायला नको.

कान आणि डोळेही पाहतात. मोतीबिंदू झालेल्याला चित्र दाखवून आणि बहिऱ्याला शब्द ऐकवून परीक्षा घेतली तर तो नापासच होणार.

आता त्या परीक्षेकडे येऊ. जगभर चालते ती तीस गुणांची छोटी चाचणी अमेरिकेत १९७५ साली निघाली. वाचा, लिहा, आकडे उलटे मोजा. ती आपल्या अंगठेबहाद्दरांना लावली तर धडधाकट माणूसही आजारी ठरतो. हे ओळखून हरियाणात फरिदाबाद जिल्ह्यातल्या बल्लभगढच्या खेड्यांत मेरी गांगुली, विजय चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर म्हाताऱ्यांसाठी तीच चाचणी हिंदीत नव्याने बांधली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत आकडेमोडीऐवजी वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ हे वाचून करायचे नाही, समोरचा डोळे मिटून दाखवतो, तसे करायचे. वाक्य लिहायचे नाही, आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचे. तीन वस्तूंची नावे सांगतात आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. रोजच्या कामांची जी प्रश्नावली आम्हाला विचारली गेली, तशीही तिथे तयार झाली. सरकारच्या वैद्यक संशोधन परिषदेने पुढे साक्षर आणि निरक्षर दोघांसाठी चाचण्यांचा संच केला, पण सुरुवातीच्या पाच भाषांत मराठी नव्हती. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. असो.

म्हणून डॉक्टरने शाळा किती शिकलात हे न विचारता गुण मोजले, तर तुम्ही हटकून सांगा. तो तुमचा हक्क आहे.

दादांना आठवड्याचे वार सुलटे आले, उलटे सांगताना ते गुरुवारावर अडकले. तीन वस्तूंपैकी एकही आठवली नाही. ‘आंबा होता का?’ असे विचारल्यावरही आठवले नाही. बाईंनी त्यांना चालायला लावले, हातापायांचा ताठरपणा आणि जोर पाहिला. रक्तदाब, साखर, थायरॉईड, बी-१२ तपासले. मेंदूचा फोटो काढला.

फोटोबद्दल गैरसमज फार आहे. लोक म्हणतात, एमआरआय केला, त्यात काही निघाले नाही. फोटोत गाठ, साकळलेले रक्त, जुने झटके, आकसलेला मेंदू दिसतो. आठवण दिसत नाही. नुसत्या फोटोवर निदान होत नाही आणि फोटो बरा आहे म्हणून आजार नाही असेही नाही. अल्झायमरसाठी २०२५ मध्ये अमेरिकेत एका रक्तचाचणीला मान्यता मिळाली, पण तीही घरची हकीकत आणि तपासणी यांना जोड म्हणूनच करायची आहे.

दादांचे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शने दिली. पायाच्या मुंग्या गेल्या, आठवण आली नाही. बाईंनी लगेच शिक्का मारला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले, तीच परीक्षा घेतली, आणि मग सांगितले, अल्झायमर आहे, जोडीला लहान लहान झटक्यांनी झालेले नुकसान आहे. अल्झायमर हळूहळू उतरतो. झटक्यांचा प्रकार पायरी-पायरीने उतरतो, आणि रक्तदाब-साखर आवरली तर तिथे थोडा बांध घालता येतो. आणखी एका प्रकारात माणसाला अंगणात नसलेली पोरे, जनावरे दिसतात, चाल ताठरते, एक दिवस बरा तर एक दिवस वाईट. अशांना आपण आधी देवऋष्याकडे नेतो. त्यांना भास थांबवायच्या काही गोळ्या फार बाधतात, म्हणून प्रकार ओळखणे जिवावरचे काम आहे.

औषध दिले ते डोनेपेझिल. ते आजार बरा करत नाही, काहींना काही काळ थोपवते. एक गंमत सांगतो. मेंदूतल्या ज्या एन्झाइमला हे औषध बेताने आवरते, त्याच एन्झाइमला आपल्या फवाऱ्यातली ऑर्गेनोफॉस्फेट विषे घट्ट जखडतात. म्हणून पंप पाठीवर घेणाऱ्याने फवारणीचे डॉक्टरला सांगितलेच पाहिजे.

जमिनीचे राहिले. निदानाचा कागद हातात पडताच एका नातेवाइकाने विचारले, आता दादांच्या सहीला अर्थ नाही ना, मग वाटणी उरकून घेऊ. दुसरा म्हणाला, समजतंय तोवर अंगठा घेऊन टाका. दोघेही चुकले. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रश्न असतो, तो करार करते वेळी माणसाला तो समजतो का आणि त्यात आपले हित-अहित कळते का. आजाराचे नाव पडले म्हणून अंगठा रद्द होत नाही आणि अंगठा उमटला म्हणून व्यवहार पक्का होत नाही. डॉक्टर हे वेगळे तपासतात. व्यवहार समजावून सांगतात, त्याच्या शब्दांत परत सांगायला लावतात, का करतोस विचारतात. दादांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘विहिरीकडचा तुकडा विकू नका.’ तेवढे त्यांना पक्के ठाऊक होते. तो विकला नाही.

आपल्यातली अशी घरे थोडी नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, हा आजार आहे. शहरात शंभरी ५.३, खेड्यात ८.४. तपासायचे दवाखाने कुठे आहेत ते तुम्ही जाणता. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग विचारा. १४४१६ हा सरकारचा फोन फुकट आहे, तिथे निदान होणार नाही, पण कुठे जायचे ते सांगतील.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झाडपाल्याच्या पुड्यांसकट, पिशवीत घाला. पहिल्यांदा काय बिघडले आणि कोणत्या सुगीला, ते कागदावर लिहून घ्या. चष्मा आणि कानाचे यंत्र असेल तर ते न्या. आणि घरात जी वाढते, तिला बरोबर न्या. आम्ही पहिल्या दोन्ही खेपांना नेले नव्हते.