परसदारचा दिवा

दिवेलागणीला हमरस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं तर एक अजब गोष्ट दिसते. समोरून येणाऱ्या गाड्यांचे चेहरे लखलखीत असतात. त्याच गाड्या पुढे गेल्या की काहींच्या पाठी मात्र काळ्याकुट्ट, चोरीला निघाल्यासारख्या. चालकाला याचा पत्ताच नसतो. डॅशबोर्ड उजळलेला, रस्त्यावर नगरपालिकेचे खांब, आणि गाडीच्या नाकावर दिवसा आपोआप लागणारे पांढरे दिवे, म्हणजे डीआरएल, चालू. मग त्याला वाटतं, आपले दिवे लागलेच आहेत. पण बहुतेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. त्यासाठी खटका फिरवावा लागतो.

आजच्या बोलण्याचा विषय मोटारीचे आतले-बाहेरचे सगळेच दिवे असा ठरला आहे. पण वेळ थोडा आहे आणि जीव अडकला आहे तो मागच्या लाल दिव्यांत.

घराच्या दर्शनी दाराला तोरण असतं, रांगोळी असते, कंदील असतो. परसदारचा बल्ब मात्र गणपतीत गेला तर दिवाळीपर्यंत तसाच राहतो, कारण घरधन्याचं तिकडे काम नसतं. गाडीतही तेच. हेडलाइट गेला तर मालक त्याच रात्री गॅरेज शोधतो. त्याचं स्वतःचं अडतं. टेललाइट गेला तर त्याचं काहीच अडत नाही. अडतं मागून येणाऱ्याचं.

हेडलाइटचं थोडक्यात आटोपायला हरकत नाही. अनेक गाड्यांत असतो तो एच-४ बल्ब: एका काचेत दोन तारा, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडणारा उजेड अडवते, त्यामुळे झोत वर न जाता रस्त्यावर पडतो. म्हणूनच त्या जागी बाजारातला कुठला तरी एलईडी खुपसला की उजेड भलत्या ठिकाणाहून निघतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दोन्ही बाजूंचे मिळून नऊ-दहा अँपिअर लागतात. एवढा प्रवाह सहसा स्टिअरिंगजवळच्या नाजूक खटक्यातून नेत नाहीत. खटका फक्त रिलेला इशारा देतो आणि भार रिले उचलतो. असो.

मागच्या दिव्यातही साध्या गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. ५ वॅटची रात्रभर तेवते, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर पेटते. बल्बच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. मागच्या माणसाला कळतं ते या दोहोंतल्या फरकावरून. मंद लाल एकदम भडक झालं की त्याचा पाय ब्रेककडे जातो. हा फरक पुसला गेला तर दिवा असून नसल्यासारखा. धुळीने माखलेली काच तो पुसते, मिठाने गंजलेला होल्डर पुसतो, आणि सगळ्यात जास्त पुसते खराब अर्थ.

बॅटरीपासून दिव्यापर्यंत तार येते, पण परतीची तार बॅटरीपर्यंत नेलेली नसते. ती जवळच्या पत्र्याला स्क्रूने आवळून मोकळी होते. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट, म्हणजेच अर्थ. त्या परसदाराच्या घरातली ही मोरी समजा. नळाला पाणी धो धो, पण मोरी तुंबली तर पाणी शेजारच्या न्हाणीतून उलटं वर येतं. कोकणातले चार पावसाळे काढलेला तो स्क्रू गंजला की असंच होतं. ब्रेक दाबल्यावर २१ वॅटच्या तारेतून आलेल्या प्रवाहाला वाट मिळत नाही. मग तो ५ वॅटच्या तारेत उलटा शिरतो, टेललाइटच्या वायरिंगमधून पार पुढच्या पार्किंग लाइटपर्यंत आणि डॅशबोर्डच्या दिव्यांपर्यंत जातो आणि तिथून पत्रा गाठतो. म्हणजे दिवे बंद असताना ब्रेक दाबावा आणि डॅशबोर्ड मिणमिणावा! मालक बल्ब बदलतो, होल्डर बदलतो, फ्यूज बदलतो. मुरलेला ऑटो इलेक्ट्रिशियन आधी तो स्क्रू सोडवून पॉलिश पेपरने घासतो.

इंडिकेटर अचानक घाईघाईने टिकटिकू लागला तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. परसदारची एवढी एकच तक्रार गाडी आपण होऊन मालकाच्या कानावर घालते. नव्या गाड्यांतली संगणकी पेटी आणखी काही सांगते, पण जुन्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत.

पाठीच्या दिव्याची किंमत किती, याचा एक प्रयोग झालेला आहे. १९७०च्या दशकात जॉन व्होएवोडस्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींच्या मागच्या काचेच्या तळाशी जादा ब्रेकलाइट बसवला. मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे तो सगळीकडेच दिसू लागला तेव्हा नवलाई ओसरली आणि तिथल्या सरकारी अभ्यासात फायदा ४.३ टक्के भरला. कोट्यवधी गाड्यांच्या देशात हेही थोडं नाही. बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, एलईडी जवळजवळ लगेच लागतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्यात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते.

आणि पुन्हा सांगायला हवं, डॅशबोर्ड उजळला म्हणजे मागचे दिवे लागले असं नाही. ‘ऑटो’वर खटका ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांनीही हे ऐकावं. जुलैत बोरघाटात भरदुपारी ढग उतरतात. धुकं पांढरंशुभ्र, उजेड भरपूर. सेन्सरला वाटतं दिवसच आहे, आणि दिवे लागत नाहीत. मग काही शहाणे चारही इंडिकेटर लुकलुकवत गाडी हाकतात. उभी कोण, चालती कोण आणि वळणार कोण, मागच्याने ओळखायचं कसं? पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना बऱ्याचदा रिफ्लेक्टरवरच भागवावं लागतं. तो दुसऱ्याच्या हेडलाइटचा उजेड उधार घेतो, आणि त्यावर चिखल बसला की तेही संपतं. मोटारवाल्याला तर बोटभर खटका फिरवायचा आहे.

आतल्या दिव्यांचं राहूनच गेलं. जुन्या गाडीत दाराच्या चौकटीतलं बटण केबिन लाइटला अर्थ देतं, एवढंच. साधारण १० वॅटचा तो दिवा रात्रभर राहिला तरी चांगली बॅटरी तग धरते. हेडलाइट मात्र काही तासांतच तिला बसवतात. रात्री आतला दिवा लावून गाडी चालवली की समोरच्या काचेत केबिनच दिसू लागते. डिकीवरच्या दिव्यांची गोष्ट वेगळी. काही गाड्यांत टेललाइट डिकीच्या दारावरच असतात. टायर बदलायला डिकी उघडली की ते आभाळाला उजेड दाखवतात. अशा वेळी मागच्यांना सावध करणारा लाल त्रिकोण डिकीत दडवून ठेवण्यात काय अर्थ?

तपासणी सोपी आहे. अंधारात गाडी भिंतीला पाठ करून उभी करावी, खटका फिरवावा, ब्रेक दाबावा आणि आरशात भिंतीवरचे लाल डाग मोजावेत. हेही जमत नसेल तर घरातल्या पोराला मागे उभं करावं, त्याला हे काम आवडतं. डाग मोजताना एक ध्यानात ठेवावं: मागचा फॉग लॅम्प पुष्कळदा एकच आणि चालकाच्या बाजूला असतो, ब्रेकलाइटच्या जोडीशी गफलत होऊ नये म्हणून. स्वच्छ हवेत तो लावून ठेवणाऱ्यांबद्दलही बरंच बोलायचं होतं, पण निवेदकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे.