रक्त पातळ ठेवणारी गोळी



हृदयात कृत्रिम झडप बसवली, की सहसा वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू होते.
मात्रा कमी पडली, तर गुठळी.
जास्त झाली, तर रक्तस्राव.
म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे दाखवणारी तपासणी, चुकवायची नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याचे रुग्ण झडपेच्या ऑपरेशनला सोलापूर-पुण्याला जातात.
तिथले डॉक्टर वेगळे, गावातले वेगळे; गावातल्या डॉक्टरांना ही गोळी माहीत असेलच असं नाही.
म्हणून गुडघेदुखीची गोळी लिहून घेतानाही रुग्णाने सांगायलाच हवं:
“डॉक्टर, माझी रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे.”
यात संकोच कसला?

मेथी, पालक जरूर खावा. पण नेहमी साधारण तेवढाच.
एकदम वाढवला, की गोळीचा परिणाम घटतो.

आपला आयएनआर किती हवा, हे डॉक्टरांना विचारा.
वहीत लिहून ठेवा.
लघवीत रक्त दिसलं, डोक्याला मार लागला, तर लगेच रुग्णालय गाठा.
मात्रा स्वतःहून बदलू नका.
आणि पुन्हा सांगतो, आयएनआर तपासणी चुकवू नका.