घोयरा आजारी पडला तर

मी खारदांड्याहून बोलतेय. आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या भाच्याने हौसेने पाळलेला घोयरा सरडा आजारी पडला आणि ताईंच्या गळ्यात आला. डोळे खोल गेलेले, भर दिवसाही मिटलेले. कुणी म्हणालं दूध पाजा, कुणी म्हणालं हात लावू नका, विषारी असतो.

दोन्ही चूक. घोयऱ्याला विष नसतं. तो लांब जिभेने किडे टिपतो. वाटीतल्या पाण्याकडे सहसा बघत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणून ताईंनी पेरूची फांदी आणून तिच्यावर पाणी शिंपडलं. बऱ्याच वेळाने त्याची जीभ हलली. तोंडात काही ओतायचं नाही हं, पाणी श्वासात जातं.

मासळीचे थर्माकोलचे खोके आमच्याकडे घरोघरी, पण त्यांत हवा खेळत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून आत फांदी ठेवली, खोका सावलीत ठेवला आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन केला.

मुलं म्हणत होती, बरा होईपर्यंत राहू दे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयरा पाळणं गुन्हा आहे. आणि त्याला लागणारं ऊन, जिवंत किडे, औषध आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत कुठून आणणार? संध्याकाळी माणसं येऊन घेऊन गेली. पुढे वाचला की नाही, कळलं नाही.

घोयऱ्याची मादी अंडी घालायला झाडावरून उतरून माती उकरते. नेमकी तेव्हाच ती दिसते आणि दगड खाते. तुमच्या बांधावर अशी दिसली तर पोरांना जरा लांबच थांबवा.