नदीकाठची निर्गुंडी

नदीकाठच्या ज्या झुडपास सुरतेतील गुजराती शेजारी ‘नगोड’ म्हणतात, तेच खानदेशातून येथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परिचयाचे ‘निगडी’ अथवा ‘निर्गुंडी’ होय. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका, पानांची पांढुरकी पाठ, निळसर जांभळ्या फुलांचे तुरे आणि पाने चुरताच येणारा उग्र वास, या त्याच्या खुणा. बाळंतिणीच्या स्नानाच्या पाण्यात हा पाला उकळतात, दुखऱ्या सांध्यांवर गरम करून बांधतात आणि कीड लागू नये म्हणून साठवणीच्या धान्यातही घालतात.

याच प्रजातीतील एका भावंडाची फळे चिनी वैद्यकात ‘मान्-जिंग्-त्स’ या नावाने प्रसिद्ध आहेत. हे झुडूप समुद्राच्या वाळूत आणि नदीकाठी वाढते. त्याची फळे तिखट, कडू व किंचित शीत मानून डोकेदुखीवर आणि लाल झालेल्या डोळ्यांवर देतात. शेन्-नोंगच्या नावे चालत आलेल्या प्राचीन औषधिग्रंथातही त्यांचा समावेश आहे.

हे ऐकून वैशाखातील काहिलीत कोणी आपल्या निर्गुंडीचा काढा ‘थंड औषध’ म्हणून घेऊ लागला, तर ती मोठी चूक ठरेल. आयुर्वेद निर्गुंडीस उष्णवीर्य मानतो. म्हणून तर वाताच्या दुखण्यावर तिची योजना होते. एवढेच नव्हे, तर निर्गुंडीच्या फळांना चिनी वैद्यही उष्णच म्हणतात. शीत म्हटले आहे ते भावंडाला, हिला नव्हे. शिवाय औषधाचे शीतोष्णत्व उष्णतामापकाने मोजावयाचे नसते. औषध शरीरात गेल्यावर जो परिणाम घडवते, त्यावरून वैद्यांनी ते ठरविलेले असते.

केवळ साम्यावर विसंबणे किती फसवे, याचे एक मौजेचे उदाहरण आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 साली अमेरिकेतील एका मेपल वृक्षास ‘नेगुंडो’ हे नाव दिले. त्याची संयुक्त पाने निर्गुंडीसारखी दिसतात, एवढेच कारण! त्या वृक्षाचा पाला कोणी सांध्यांवर बांधीत नाही.

तेव्हा पान सारखे, नाव सारखे, म्हणून गुणही सारखा असे समजू नये. वनस्पती कोणती, तिचे कोणते अंग घ्यावयाचे आणि रोग्याची प्रकृती कशी, या तीन प्रश्नांची उत्तरे जाणत्या वैद्याकडून मिळाल्यावाचून काढ्याचे भांडे चुलीवर चढवू नये, हेच श्रेयस्कर.