करडी, सोयाबीन आणि बाळाचे डोळे

हेडफोन लावा. एसटीत असाल तर आवाज जरा बेताचाच ठेवा, शेजारचे काका झोपले असतील.

आजचा भाग मी वारंगा फाट्यावरून रेकॉर्ड करतोय. मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही. फाटाच तो! एक रस्ता नांदेडकडं, एक कळमनुरी-हिंगोलीकडं, एक हदगाव-उमरखेडवरून पार नागपूरकडं. समोर खिचडीची प्लेट आहे, आणि डोक्यात एक प्रश्न आहे. तो आमच्या मामांनी विचारला होता.

झालं असं. माझ्या ताईचं बाळंतपण वेळेच्या खूप आधी झालं, एकतिसाव्या आठवड्यात. बाळाचं वजन १३५० ग्रॅम. चोवीस दिवस काचेच्या पेटीत काढून पोरगी घरी आली. सगळे खूश. सत्ताविसाव्या दिवशी मामा बघायला आले, आणि खिशातून ओमेगा-३ च्या गोळ्यांची बाटली काढली. स्वतःसाठी घेतलेली. म्हणाले, “भाच्या, हे डोळ्याला लई चांगलं असतंय म्हणे. एक गोळी फोडून पोरीला चाटवू का?”

ताई म्हणाली, “मामा, थांबा जरा.” आणि मी मोबाईल काढला. त्या रात्री जे वाचत गेलो, ते आज सांगतो. मामांचा प्रश्न वेडा नव्हता. फक्त उत्तर एका वाक्यात बसत नाही.

आधी डोळ्याचा पडदा समजून घेऊ. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. रेटिना म्हणतात त्याला. त्यात प्रकाश पकडणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या अंधारात काम करणाऱ्या पेशी एका डोळ्यात साधारण नऊ कोटी आहेत. अशा प्रत्येक पेशीत चकत्यांची एक चळत असते. घरी भाकरीची चळत लावतात ना, तशी. साधारण हजार भाकरी, एकावर एक. या चकत्यांच्या भिंती चरबीच्या असतात. आणि त्या चरबीत जी स्निग्धाम्लं असतात, त्यातला जवळपास निम्मा वाटा एकाच ओमेगा-३ चा असतो. त्याचं नाव डीएचए. शरीरात इतकं दाट डीएचए जवळपास कुठंच सापडत नाही.

हेच का? बघा, हिवाळ्यात तूप गोठतं. जवसाचं तेल गोठत नाही. कारण तुपातल्या चरबीचे धागे बहुतेक सरळ, ते एकमेकांना चिकटून बसतात. जवसाच्या तेलातले धागे वाकडे. डीएचए तर वाकड्यातलं वाकडं, २२ कार्बनची साखळी आणि त्यात ६ ठिकाणी दुहेरी बंध. त्यामुळं चकतीची भिंत एकदम मऊ, लवचिक राहते. प्रकाश पडला की त्या भिंतीतल्या प्रथिनाला क्षणात आकार बदलावा लागतो. भिंत मऊ असेल तर ते पटकन होतं.

पण जवसाच्या तेलाची एक खोड आईला विचारा. लवकर खवट होतं! डीएचएचंही तसंच. ऑक्सिजन लागला की बिघडतं. आणि डोळ्याच्या पडद्यावर तर दिवसभर उजेड, वर ऑक्सिजनचा भरपूर पुरवठा. मग हे टिकतं कसं?

तर पडदा ते टिकवत बसतच नाही. तो रोज नवं करतो. रिचर्ड यंग या शास्त्रज्ञानं १९६७ मध्ये दाखवलं की चळतीच्या बुडाला रोज नव्या चकत्या तयार होतात आणि जुन्या टोकाकडं सरकतात. टोकाच्या शिळ्या चकत्या शेजारच्या पेशींचा एक थर गिळून टाकतो, रोज सुमारे दहा टक्के. म्हणजे दहा-एक दिवसांत अख्खी चळत नवी. १९७६ मध्ये मॅथ्यू लावेल यांनी उंदरांमध्ये पाहिलं की हे गिळणं सकाळी, उजेड झाल्यावर थोड्याच वेळात सगळ्यात जास्त होतं. आपण इकडं दात घासतोय आणि तिकडं डोळ्यात शिळ्या भाकरी उचलणं चालू!

गिळलेल्या चरबीतली काही तो थर इंधन म्हणून जाळतो. पण डीएचए? ते वेगळं काढून, जपून, पुन्हा पडद्याला परत देतो. नवी चकती बनवायला. पडदा डीएचएच्या बाबतीत पक्का चिक्कू आहे. आणि हा चिक्कूपणा मोठ्या माणसाच्या कामी येतो, हे लक्षात ठेवा.

आता गोष्टीत आपल्या शेतातलं पीक येतंय.

पावसाळ्यात या फाट्यावरून कुठल्याही रस्त्यानं जा, सोयाबीनच सोयाबीन. त्याआधीच्या पिढीला विचारा, ते करडीचं सांगतील. काटेरी झाडं, पिवळी-केशरी फुलं, घाण्याचं तेल. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर करडीचं वाण काढलंय, ‘परभणी कुसुम’. आता करडीच्या तेलात ओमेगा-६ भरपूर, ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. सोयाबीनच्या तेलात ओमेगा-३ थोडं असतं, साधारण सात टक्के.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये मार्था न्यूरिंगर आणि विल्यम कॉनर यांनी माकडांवर प्रयोग केला. काही गाभण माद्यांना आहारात एकच तेल दिलं, करडीचं. दुसऱ्या गटाला सोयाबीनचं. पिल्लांनाही पुढं तसाच आहार. करडीच्या गटातल्या पिल्लांच्या पडद्यात जन्मावेळी डीएचए दुसऱ्या गटाच्या निम्मंच होतं. आणि पहिल्या काही आठवड्यांत त्यांना बारीक रेघा ओळखता येत नव्हत्या, नजर कमी भरली.

लगेच घरचा करडीचा डबा फेकू नका हां! त्या माकडांना दुसरा कुठलाच स्निग्ध पदार्थ नव्हता. आपण दाणे खातो, दूध पितो, भाजी खातो. प्रयोगाचा धडा तेलाबद्दल कमी आणि वेळेबद्दल जास्त आहे. पडद्यात डीएचए भरण्याची खरी वेळ म्हणजे पोटातले शेवटचे तीन महिने आणि जन्मानंतरचा सुरुवातीचा काळ. तेव्हा आईकडून ते बाळाला मिळतं, आधी नाळेतून, मग दुधातून.

आता जोडा. ताईची पोरगी एकतिसाव्या आठवड्यात आली. म्हणजे भरणीचा काळ अर्ध्याच्या आत तुटला.

म्हणजे मामा बरोबर होते? निम्मे. स्वीडनमध्ये २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या २०६ बाळांवर एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. अर्ध्या बाळांना दुधाबरोबर डीएचए आणि अॅराकिडोनिक नावाचं ओमेगा-६ ठरावीक मापात दिलं. ज्यांना दिलं, त्यांच्यात पडद्याचा गंभीर आजार १५.८ टक्के बाळांना झाला. ज्यांना दिलं नाही, त्यांच्यात ३३.३ टक्के. मोठा फरक आहे. पण ते माप किलोमागं मिलिग्रॅममध्ये होतं, दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यासमोर. मोठ्या माणसाची गोळी फोडून चाटवणं हे औषध नाही. दीड किलोच्या बाळाच्या घशात तेल अडकलं तर काय, याचा विचार करा.

आणि तो गंभीर आजार कोणता? आरओपी. पडद्याच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडं वाढत जातात आणि नऊ महिने भरतानाच कडेला पोचतात. बाळ लवकर आलं की ही वाढ थांबते, मग काही बाळांत भलतीकडंच फुटवे फुटतात. ते पडदा ओढतात, आणि पडदा सुटला की दृष्टी गेली. बाहेरून काहीच दिसत नाही. डोळे टपोरे, काळेभोर, छान! आम्ही पण तेच म्हणत होतो.

त्या रात्री वाचता वाचता मी ताईची डिस्चार्जची फाईल काढली. शेवटच्या पानावर, इंग्रजीत, बारीक अक्षरात एक ओळ होती: डोळ्यांची आरओपी तपासणी करा. आम्हाला तोंडी कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही ते पान वाचलं नव्हतं. त्या दिवशी पोरगी सत्तावीस दिवसांची होती. एकोणतिसाव्या दिवशी आम्ही नांदेडला पडद्याच्या डॉक्टरांकडं.

डॉक्टर म्हणाले, वाहिन्या अजून कडेला पोचल्या नाहीत, दर दोन आठवड्यांनी या. चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी म्हणाले, पोचल्या. ताई तिथंच रडली.

आता मामांसाठी. मामा पन्नाशीचे, गाडी चालवतात. मोठ्यांचा पडदा चिक्कू आहे, सांगितलं ना. अमेरिकेत ४२०३ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये निकाल आला. वयानुसार पडदा झिजायच्या आजारात, आधीच्या जीवनसत्त्व-जस्ताच्या गोळ्यांबरोबर ओमेगा-३ देऊन बघितलं. जास्तीचा फायदा झाला नाही. त्या पैशात मामांनी डोळे आणि साखर तपासून घ्यावी. मासे खात असतील तर खावेत, डीएचए तयारच मिळतं. नसतील तर जवसाची चटणी आहेच. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं. सगळ्या वाणांत सारखं नसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाणा भरताना कुठली जनुकं किती काम करतात, यावरून हा फरक शोधलाय. मात्र जवसातलं ओमेगा-३ छोट्या साखळीचं. शरीर त्याचं डीएचए बनवतं, पण थोडंच. बाळंतपणाच्या वयातल्या बायकांचं शरीर पुरुषांपेक्षा जास्त बनवतं. चटणी जेवण म्हणून खा, औषध म्हणून नको.

शेवटी एक गोष्ट मोबाईलमध्ये नोंद करा. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोच्या आत असेल, तर तीस दिवस पूर्ण होण्याआधी पडद्याची तपासणी. २८ आठवड्यांच्या आत किंवा १२०० ग्रॅमच्या खाली असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. दिवस जन्मापासून मोजायचे, घरी आल्यापासून नाही. आशाताईंना विचारा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार धरलेला आहे. वेळेत सापडला तर लेझर किंवा इंजेक्शननं नजर वाचवता येते. उशीर झाला तर कुठलीच गोळी कामाची नाही.

तुमच्या बहिणीला, वहिनीला, मित्राच्या घरी कुणाला लवकर बाळ झालं असेल, तर हा भाग आजच पाठवा. उद्या नको.

चला, खिचडी गार झाली. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या. राम राम!