माणसांना गृहीत धरू नका



भोसरी, आकुर्डी किंवा चाकणच्या कारखान्यात एखाद्याला बढती मिळते. काल जोडीदारांबरोबर लाईनवर उभा असलेला माणूस आज सुपरवायझर होतो. पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी मात्र तो ताट घेऊन कॅन्टीनच्या नेहमीच्या टेबलाशी आला, की गप्पा थांबतात. नेतृत्वाची परीक्षा तिथूनच सुरू होते.

या पट्ट्यानं मोठमोठ्यांची अशी परीक्षा पाहिली आहे. पिंपरीच्या टेल्कोत सुमंत मूळगावकरांनी गाड्यांच्या आधी अवजारं आणि ती हाताळणारी माणसं घडवली. 1994 साली आलेल्या 'सुमो'चं नाव त्यांच्याच नावावरून पडलं. पण त्याच टेल्कोत 1989 साली मोठा संघर्ष पेटला. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना तिथून हलवलं आणि आंदोलन मोडलं. रतन टाटा तेव्हा नुकतेच कंपनीचे अध्यक्ष झाले होते. आपण कामगारांना गृहीत धरलं होतं, असं त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. जिंकलेल्या बाजूनं हे म्हणावं, यातच धडा आहे.

गृहीत धरणं लहान गोष्टींतून सुरू होतं. एकाच लाईनवर कायम कामगार, ट्रेनी आणि कंत्राटी मुलं शेजारी-शेजारी राबतात. कायम कामगाराला नावानं हाक मारायची आणि कंत्राटी मुलाला 'ए, इकडे ये' म्हणायचं. मग मशीनचा आवाज बदललेला त्या मुलाला आधी कळला, तरी तो सांगायला येत नाही.

माल रिजेक्ट झाला, की पहिला प्रश्न येतो, 'कोणी केलं?' सगळे गप्प! त्याऐवजी 'कशामुळे झालं?' असं विचारून पाहा. हत्यार झिजलं होतं, ड्रॉइंग जुनं होतं, रात्रपाळीचा निरोप सकाळच्या पाळीला मिळालाच नव्हता, अशी खरी कारणं बाहेर येतात.

रजेचंही तसंच. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते, रमजानमध्ये कुणाला रोजा सोडायला थोडा वेळ हवा असतो, गणपतीत कोकणातल्या माणसाचं चित्त गावी असतं. हे दिवस काही अचानक उगवत नाहीत. महिनाभर आधी सगळ्यांना बसवून पाळ्या ठरवल्या, तर रोजेदाराच्या जागी वारकरी उभा राहतो आणि वारकऱ्याच्या जागी रोजेदार. कामही अडत नाही.

आणि जुना मित्रच रोज उशिरा येऊ लागला तर? नियम त्यालाही तोच. फक्त बोलायचं बाजूला नेऊन. शाबासकी चारचौघांत द्यावी, कानउघाडणी एकांतात करावी.

मी कविता लिहिणारा माणूस. मुशायऱ्यात सूत्रसंचालकाला नाझिम म्हणतात. दाद मिळते ती दुसऱ्यांच्या शेरांना; कुणाला कधी पुढे आणायचं, नवख्याला धीर कसा द्यायचा, हे त्याचं काम. मैफल रंगली, की त्याचं नाव कुणी घेत नाही. चांगल्या सुपरवायझरचंही असंच असतं.

तेव्हा नव्यानं खुर्चीवर बसलेल्यांनी पहिल्या आठवड्यात हुकूम कमी सोडावेत, प्रश्न जास्त विचारावेत. जे जमेल ते करावं आणि जे जमणार नाही, ते का जमत नाही हे तोंडावर सांगावं. माणूस नकार पचवतो. दुर्लक्ष मात्र विसरत नाही.